कट्यार आणि तीन टिंबं

बसा, नीट बसा. मागच्यांनी पुढं सरका, आणि ज्यांना मधेच उठून जायचंय त्यांनी आत्ताच जा. एकच सांगणं आहे, ही गोष्ट ऐकताना डावा हात पदराखाली किंवा बाहीत लपवायचा नाही. का, ते आपोआप कळेल.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकी किती ते विचारू नका, डोहाच्या काठावरचं हे एवढं मोठं करंजाचं झाड तेव्हा नुकतं सावली द्यायला लागलं होतं. आपल्या कवठाळ्यात तेव्हा गढी होती. आता तिथं मातीचा ढिगारा आहे आणि त्यावर शेरडं चरतात, पण तेव्हा तिचे बुरूज चार कोसांवरून दिसायचे. गढीत एक राव राहायचा. त्याला नाव होतं, नाही असं नाही. पण गावानं ते मुद्दाम विसरून टाकलंय. ज्यानं दुसऱ्यांची नावं पुसली त्याचं नाव आपण कशाला वागवायचं? नुसतं राव म्हणायचं आणि पुढं जायचं.

या रावाकडं वीसेक बटकी होत्या. बटकी म्हणजे विकत घेतलेल्या नाहीतर उचलून आणलेल्या बायका. त्यांनी गढीत कांडायचं, दळायचं, शेण काढायचं, पाणी भरायचं आणि मेल्यावरच सुटायचं. मोहिमेवरून फौज परतली की गाड्यांवर भांडीकुंडी असायची आणि भांड्याकुंड्यांत बसलेल्या पोरी असायच्या. पोर ज्या वारी गढीत आली त्या वाराचं नाव तिला द्यायचं. सोमी, मंगळी, बुधी. दोन मंगळ्या होत्या आणि तीन शुक्री होत्या. हाक मारली की तिघी धावायच्या, जी आधी पोचेल तिच्या डोक्यावर काम.

आणि प्रत्येकीच्या डाव्या मनगटावर गढीची खूण गोंदलेली असायची. एक उभी कट्यार आणि तिच्याखाली तीन टिंबं. ती खूण दिसावी म्हणून बटकीनं डाव्या हातात बांगडी घालायची नाही, असा कायदा होता. उजवा हात भरलेला चालेल, डावा मोकळा पाहिजे.

आता खूण गोंदायची म्हणजे कुणीतरी सुई धरायला हवी. ती धरायची भिवरा गोंदणारीण. आपल्याच गावची. डोहाई देवीच्या देवळामागं तिचं खोपट होतं. तिळाच्या तेलाचा दिवा लावायचा, त्यावर परळ, म्हणजे मातीची ताटली, धरून काजळी पाडायची, ती माक्याच्या रसात खलायची आणि तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधून टोचायचं, हा तिचा धंदा. गावातल्या लेकीसुनांना ती तुळस काढायची, विंचू काढायची, मोर काढायची. आणि गढीचं बोलावणं आलं की मान खाली घालून कट्यार काढून यायची. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि तिनं कधी म्हटलंही नाही.

भिवराची लेक मथू. ही गोष्ट मथूची आहे.

मथू बारा वर्षांची होती तेव्हा एकदा गढीचं बोलावणं आलं आणि भिवराचे हात तापानं लटलट कापत होते. मग मथूला पाठवलं. तिचं पहिलं काम. पोरगी हुरळून गेली हो. सुया, परळ, हळद पुडीत बांधून ऐटीत निघाली. गढीच्या कोठीत तिच्यापुढं एक दहा वर्षांची पोर आणून बसवली. बुधवारी आणली म्हणून बुधी. मथूनं तिचा हात मांडीवर घेतला आणि अशी सुरेख कट्यार काढली की कारभाऱ्यानंसुद्धा मान डोलावली. पोर रडली नाही. शेवटचं टिंब झाल्यावर तिनं विचारलं, हे पुसतं का?

मथूनं मोठ्या फुशारकीनं सांगितलं, छे, गोंदण पुसत नसतं. सोनंनाणं सगळं इथं राहतं, सरणावर सोबत येतं ते फक्त गोंदण. आईकडून शंभरदा ऐकलेलं वाक्य तिनं म्हणून दाखवलं.

पोरीनं मनगटाकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, “म्हणजे वर गेल्यावरही मी गढीचीच?”

मथू सुया पुसायला लागली. पुडी बांधून ती घरी आली. आईनं पाठीवरून हात फिरवला, काम चांगलं झालं म्हणाली. मथू त्या दिवशी जेवली नाही. ते वाक्य तिच्या मनात काट्यासारखं मोडून बसलं ते सहा वर्षं तसंच होतं, असं म्हणतात.

पुढं ती पोर रोज डोहावर पाणी भरायला यायला लागली आणि मथूही रोज घाटावर जायला लागली. आधी नुसतं बघायच्या. मग एक दिवस मथूनं तिची घागर डोक्यावर द्यायला हात लावला. मग बोलणं सुरू झालं. बुधी हे काही तिचं नाव नव्हतं. तिचं नाव आवडी. नदीपलीकडं, डोंगराच्या अंगाला, गुऱ्हाळांचं एक गाव होतं तिथली. एवढंच तिला आठवत होतं, की गुऱ्हाळ पेटलं की सगळ्या गावाला गुळाचा वास यायचा आणि बाप कढईच्या कडेची खरवड तिच्या हातावर ठेवायचा. आवडी म्हणून तिला हाक मारणारं अलीकडच्या काठावर एकच माणूस होतं, ते म्हणजे मथू. दोघींचं मेतकूट असं जमलं की एकीला ठेच लागली तर दुसरी आई गं म्हणायची.

तुम्ही म्हणाल, पलीकडं गाव आहे तर जायचं की पळून. एवढं सोपं असतं तर गोष्ट कशाला झाली असती? अलीकडची सातही गावं रावाची. पलीकडं दुसऱ्याचा अंमल, तिथं रावाचं कुणी ऐकत नव्हतं. पण मधे नदीचा हा डोह, आणि डोहात एकच नाव. नावेच्या घाटावर रावाचे शिपाई बसलेले. नावेत चढणाऱ्या प्रत्येक बाईनं डाव्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारायच्या आणि मनगट दाखवायचं. कट्यार नसेल तर चढा. मग ती बाई कुणीही असो. माहेरी निघालेली बाळंतीण असो की साठीची म्हातारी. शिपाई मनगट धरून उलटंपालटं करायचे, हसायचे, आणि बायका मान खाली घालून नावेत जाऊन बसायच्या. सात गावांतली एक बाई त्यातून सुटली नव्हती.

आवडी सोळा वर्षांची झाली त्या नागपंचमीला ती घाटावर आली ती घागर न भरताच बसून राहिली. रावाच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. मार्गशीर्षात लग्न, सासर दहा मजलांवर, म्हणजे दहा दिवसांच्या वाटेवर. आणि आंदण म्हणून भांडी, गायी आणि आठ बटकी द्यायच्या होत्या. आठांत आवडी होती. तिथल्या घराण्याची रीत अशी की त्यांची खूण ते उजव्या मनगटावर गोंदतात.

आवडी मात्र रडली नाही. ती कधीच रडायची नाही. तिनं डावा हात पुढं केला आणि म्हणाली, “मथे, हे तू काढलंस. आता तूच मिटव.”

झालं. मथूची झोप गेली. तिनं आधी आईला विचारलं, गोंदण कशानं जातं? भिवरा म्हणाली, कशानंच नाही. मथूनं ऐकलं नाही. आवडीच्या हातावर करून बघायचं आणि तिचा हात नासायचा, हे तिला नको होतं. म्हणून तिनं काय करावं? खोपटात बसून स्वतःच्या डाव्या मनगटावर कट्यार काढली आणि खाली तीन टिंबं. गोंदण भरून आल्यावर त्यावर चुना लावला. रुईचा चीक लावला. शेवटी बिब्बा घातला. मनगट सुजून दुधीभोपळ्याएवढं झालं, कातडी सोलून निघाली, आणि नवी कातडी आली तेव्हा तिच्याखाली कट्यार होती तशीच. भिवराला कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. काय केलंस पोरी, बटकीची खूण जन्माला लावून घेतलीस, आता तुला कोण करून घेईल, म्हणून ती दिवसभर बडबडत होती. मथूनं मनगटाला फडकं बांधलं.

पण देवाच्या मनात काय असतं बघा. दसरा झाला आणि एके दिवशी सकाळी मथू घाटावर धुणं धूत होती. फडकं भिजलं म्हणून तिनं सोडून दगडावर वाळत टाकलं, बांगड्या काढून ठेवल्या. गढीचा एक शिपाई घोड्याला पाणी पाजायला आला होता. त्याला कट्यार दिसली. त्यानं विचारलं नाही, पुसलं नाही, सरळ मनगट धरलं आणि कामचुकार कुठली म्हणत तिला गढीवर ओढत नेलं. मथूनं जाता जाता बांगड्या तेवढ्या ओच्यात टाकल्या. कोठीच्या दारात कारभारी बसला होता. त्यानं मान वर न करता मनगट पाहिलं आणि कांडायला बस म्हणाला.

अहो, याच कारभाऱ्यानं तिचं काम बघून मान डोलावली होती! दर संक्रांतीला ती त्याच्या बायकोच्या हातावर गोंदायला जायची! त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. मथू दुपारपर्यंत मुसळ घेऊन कांडत बसली. बाकीच्या बटकी डोळे विस्फारून तिच्याकडं बघत होत्या. जेवणवेळ झाल्यावर तिनं ओच्यातल्या बांगड्या डाव्या हातात चढवल्या, पदर नीट केला आणि दरवाजातून बाहेर आली. पहारेकऱ्यानं बांगड्या पाहिल्या आणि गावातली कुणी पाहुणी असेल म्हणून वाट सोडली.

गढीबाहेर येऊन मथू करंजाखाली बसली आणि हसत सुटली. इतकी हसली की खोपटातून धावत आलेल्या भिवराला वाटलं, पोरीला बाधा झाली. हसणं थांबल्यावर तिनं आईला सांगितलं, माय, त्यांना तोंडं दिसतच नाहीत. सहा वर्षं आवडी त्यांच्या घरात राबते आणि तिला कुणी पाहिलेलं नाही. त्यांनी फक्त मनगट पाहिलंय.

भिवरा म्हणाली, मग?

मथू म्हणाली, मग गोंदण मिटवायचं कशाला? वाढवायचं.

आता डोहाईच्या जत्रेची रीत तुम्हाला ठाऊक आहे, पण बाहेरगावच्या पोरांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या पहिल्या मंगळवारी जत्रा. ती बायकांची. अलीकडच्या सात गावांतल्या बायका येतात आणि पलीकडच्याही नाव भरभरून येतात. करंजाखाली गोंदणारीण बसते. त्या दिवशी गोंदवून घेतल्याशिवाय देवीची पायरी चढायची नाही. आणि पहिला मान कवठाळ्याच्या पाटलिणीचा. ती जे गोंदण मागेल तेच त्या वर्षीचं गोंदण. तिनं मोर मागितला की सगळ्यांना मोर, तुळस मागितली की सगळ्यांना तुळस. कुणाचं गोंदण कोणत्या सालचं हे म्हाताऱ्या मनगट बघून सांगायच्या.

म्हणजे सगळा खेळ पाटलिणीच्या तोंडात होता. आणि पाटलीण होती हौसाबाई. अंगानं दांडगी, तोंडानं त्याहून दांडगी. पाटीलसुद्धा तिच्यासमोर खाकरून मग बोलायचा. मथू तिच्या घरी गेली, ओसरीवर बसली आणि काहीही लपवून न ठेवता सगळं सांगितलं. आवडीचं नाव सांगितलं, गुऱ्हाळाचं गाव सांगितलं, आंदणाचं सांगितलं. मग फडकं सोडून स्वतःचं मनगट दाखवलं आणि म्हणाली, या वर्षी हे मागा.

हौसाबाई भडकली. पाटलिणीच्या हातावर बटकीची खूण? जीभ झडत नाही का तुझी, म्हणाली. मथू उठली नाही. ती म्हणाली, पाटलीणबाई, तुमच्या हातावर खूण नाही. तरी घाटावर शिपायानं तुमचं मनगट धरलंच ना?

हौसाबाईचा उजवा हात आपसूक डाव्या मनगटावर गेला. मागल्या वर्षी हौसाबाई लेकीच्या बाळंतपणाला पलीकडं निघाली होती, तेव्हा शिपायानं तिलाही बांगड्या वर सारायला लावल्या होत्या. चारचौघांत. तिनं ते घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ती माहेरी गेली नव्हती, लेकीकडं गेली नव्हती, नावेत पाय ठेवला नव्हता. ती एवढंच म्हणाली, जा तू. काजळी पुष्कळ पाड.

जत्रेचा मंगळवार उजाडला. लग्न आठ दिवसांवर. करंजाखाली मथू बसली, पुढं परळ, पाण्याचा तांब्या, हळदीची वाटी. बायकांची ही गर्दी. गढीच्या बाईसाहेब मेण्यातून आल्या आणि ओटीच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या आंदणाच्या आठ बटकी मागून आल्या. त्यांच्यात आवडी होती. हौसाबाई वाट काढत पुढं आली, पाटावर बसली, डाव्या हातातल्या बांगड्या काढून ओच्यात टाकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “कट्यार काढ. खाली तीन टिंबं.”

बायका दचकल्या. कुणी तोंडावर पदर घेतला. दहा-बाराजणी तर उठून देवळामागं गेल्या. मथूनं सुया उचलल्या. हौसाबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. कट्यार पुरी झाली, हळद लागली, हौसाबाई उठली. पाट रिकामा. कुणी पुढं येईना. मथूला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात भिवरा आली. मथूची आई. तीस वर्षं गढीसाठी ही खूण काढणारी. ती पाटावर बसली आणि लेकीपुढं हात धरला. किती पोरींना टोचलं मी, म्हणाली, आता मला टोच. आणि ती हमसून हमसून रडायला लागली. मथूही रडली. रडत रडतच तिनं आईच्या मनगटावर कट्यार काढली. मग भिवरानं डोळे पुसले, दुसऱ्या सुया काढल्या आणि लेकीशेजारी बसकण मारली. त्यानंतर कासारीण आली, कुंभारीण आली, पलीकडच्या गावांतल्या बायका आल्या, देवळामागं गेलेल्या परत आल्या. प्रत्येकीला घाट आठवत होता. प्रत्येकीला मनगटावरची ती पकड आठवत होती.

दोनशे बायका होत्या, असं म्हणतात. एका दिवसात दोघींनी दोनशे हात कसे गोंदले, हा हिशेब करायला बसू नका. सूर्य त्या दिवशी करंजाच्या शेंड्यावर येऊन थांबला आणि शेवटचं टिंब होईपर्यंत हलला नाही, असं म्हणतात. परळातली काजळी एकदाच पाडली होती, ती सरली नाही. सुया बोथट झाल्या नाहीत.

या गर्दीत आवडीनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि ती पाटावर येऊन बसली. मथूनं तिचं मनगट मांडीवर घेतलं. सहा वर्षांपूर्वी काढलेल्या त्या कट्यारीवरच तिनं पुन्हा सुई चालवली, तेच टोक, तेच टिंब. हात ताजा सुजला, वर हळद लागली, आणि आवडीचं मनगट बाकी दोनशे मनगटांसारखं झालं. बोलायला वेळ नव्हता. हौसाबाईनं आपल्या पेटीतून आणलेलं लुगडं तिच्या अंगावर टाकलं आणि पलीकडच्या बायकांच्या घोळक्यात तिला ढकललं.

मेणा परत निघाला तेव्हा पाटी होती आणि बटीक नव्हती. गढीच्या शिपायांचा जमादार धावत घाटावर आला. पलीकडच्या बायकांची नाव सुटायला निघाली होती. त्यानं ओरडून सगळ्यांना मनगटं दाखवायला लावली. बायकांनी दाखवली. एका वेळी, आनंदानं, बांगड्या खळकन वर सारून. सगळ्यांच्या मनगटावर कट्यार. जमादाराचं तोंड उघडं राहिलं. पलीकडच्या रयतेची आख्खी नाव अडवून ठेवायची तर पलीकडचा सरदार फौज घेऊन दारात येणार. काय करावं त्याला कळेना. शेवटी त्याचं डोकं चाललं. तो म्हणाला, या सगळ्या खुणा आजच्या आहेत, सुजलेल्या. जिची खूण जुनी, भरून आलेली, ती आपली.

शिपायांनी एकेक हात बोटानं दाबून पाहिला. आवडीचाही पाहिला. तिच्या हातावरची हळद पाहून पुढं गेले. नावेतल्या सगळ्या पाहिल्या, काठावरच्या सगळ्या पाहिल्या, आणि करंजाखाली आले. तिथं मथू सुया पुसत बसली होती. तिच्या मनगटावर कट्यार होती. जुनी, निळी, पक्की.

मथूनं दोनशे हातांचा विचार केला होता, एका हाताचा राहून गेला होता. तिच्या ध्यानात ते त्याच क्षणी आलं. मी गोंदणारीण आहे, एवढं म्हणाली असती तरी गाव साक्षीला उभं होतं. पण मग शिपाई नावेकडं परत वळले असते. सुया तिनं आईच्या ओटीत टाकल्या आणि उभी राहिली.

जमादारानं मागं उभ्या असलेल्या बटकींना विचारलं, हीच का ती बुधी? त्या सातजणींनी मथूकडं पाहिलं. तिला त्या चांगल्या ओळखत होत्या, त्यांच्याशेजारी बसून ती कांडून गेली होती. एकीनंही डोळा लववला नाही. हीच, म्हणाल्या.

नाव सुटली. डोहाच्या मध्यावर गेल्यावर आवडीनं मागं पाहिलं आणि मथूला दोरानं बांधून नेताना पाहिलं. ती उठून पाण्यात उडी टाकणार होती. पलीकडच्या दोन बायकांनी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं आणि चक्क तिच्या अंगावर बसल्या, असं म्हणतात. काठावरून मथूनं बांधलेला डावा हात जमेल तेवढा वर केला. तेवढंच. मग नाव पैलतीराला लागली आणि आवडी सुटली.

इथं गोष्ट संपली असं गढीला वाटलं. मथूला कोठीत घातलं, नाव विचारलं. ती म्हणाली, “तुम्हीच ठेवलंय. तुम्हीच आठवा.” त्याबद्दल तिला चाबूक मिळाला. आठ दिवसांनी आंदणात पाठवायची म्हणून तिला मोजून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गढीचा दरवाजा उघडला तर समोर हौसाबाई मांडी घालून बसलेली. तिच्यामागं कासारीण, कुंभारीण, भिवरा, सात गावांच्या बायका, पोरंबाळं कडेवर घेऊन. पहारेकऱ्यानं विचारलं, काय पाहिजे? हौसाबाईनं मनगट दाखवलं. आम्ही गढीच्या बायका, म्हणाली, खूण आहे ना? मग न्याहारी आण. लुगडी आण. निजायला जागा दाखव. तुझ्या रावाच्या बटकी उपाशी बसल्यात म्हणून सांग.

आणि त्या आत शिरल्या. सदरेवर बसल्या, तुळशीकट्ट्यावर बसल्या, लग्नाच्या मांडवात पोरांना झोके बांधले. एक दिवस नाही, दोन नाही, पाच दिवस. रावाच्या कोठारातली ज्वारी खाली जाऊ लागली. सात गावांत चूल पेटेना, मग गडीमाणसंही गढीपुढं येऊन बसली, आमच्या बायका तुमच्या तर आम्हालाही जेवायला घाला म्हणून. राव तापला, चाबूक काढा म्हणाला. पण शिपायांच्या बायकाही त्या घोळक्यात होत्या. कारभाऱ्याची बायको होती. मनगटं बघितली तर सगळी सारखी, आणि तोंडं बघितली तर शिपायांची मान खाली जायची. चाबूक कुणी उचलला नाही.

सहाव्या दिवशी सांगावा आला की वऱ्हाड एका मजलेवर येऊन उतरलंय. राव घामाघूम झाला. सदरेवर येऊन म्हणाला, जा बायांनो घरी, ही खूण माझी नाही.

हौसाबाई म्हणाली, “तोंडी नको. दवंडी पिटव.”

पिटवली. पिटवावीच लागली. ऐका हो ऐका, कट्यार आणि तीन टिंबं ही खूण गढीची नाही. ती ज्या हातावर असेल त्या हातावर गढीचा काही हक्क नाही. सात गावांत दवंडी फिरली आणि शेवटी गढीच्या चौकात येऊन थांबली.

कोठीत मथू कांडत होती. तिनं दवंडी नीट ऐकली. मग मुसळ खाली ठेवलं. तिच्याकडं बघून सोमीनं ठेवलं, मंगळ्यांनी ठेवलं, शुक्रींनी ठेवलं. गढीतला कांडण्याचा आवाज बंद झाला. त्या सगळ्या ओळीनं कोठीबाहेर आल्या आणि दरवाजाकडं चालू लागल्या. कारभारी आडवा आला, तुम्ही कुठं निघालात, म्हणाला.

मथूनं त्याच्यासमोर मनगट धरलं. “ही खूण कुणाची?”

कारभाऱ्यानं त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं पाहिलं. ओळखलं. आणि बाजूला झाला.

पुढं काय झालं, ते थोडक्यात. लग्न झालं की मोडलं, कुणाला माहीत नाही आणि कुणाला पर्वाही नाही. घाटावरचे शिपाई उठले ते उठलेच. पुढच्या वर्षी जत्रेच्या दिवशी भर दुपारी पलीकडून नाव आली आणि तिच्यातून आवडी उतरली. डावा हात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांनी भरलेला, काखेत गुळाची ढेप. ती करंजाखाली गेली, मथूच्या हातावर खरवडीचा एक खडा ठेवला आणि शेजारी बसली. आवडीला त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं, असं म्हणतात. मथू पुढं म्हातारी होईस्तोवर गावोगाव गोंदत फिरली. तिच्या हातून टोचून घेतलं की दुखायचं नाही, ताप असला तर उतरायचा, असं म्हणतात. शेवटी ती कुठं गेली, कवठाळ्यात की गुऱ्हाळाच्या गावी, यावर दोन्ही काठ अजून भांडतात. करंजाखाली शेंदूर लावलेले दोन दगड आहेत. कोणता कुणाचा ते कुणी सांगू शकत नाही, आणि ज्याला फार कळतं असं वाटतं त्यानं हिय्या करून सांगावं.

आजही जत्रेला कासार पहिला चुडा डाव्या हातात भरतो. आजही कवठाळ्याच्या बाईच्या मनगटावर कट्यार आणि तीन टिंबं असतात. हल्लीच्या पोरी पेनानं काढतात आणि संध्याकाळी साबणानं धुतात. धुवा बापडे, पण काढा.

आणि गावात कुणी बाई गेली, म्हातारी असो, तरणी असो, सून असो की माहेरवाशीण, तिला उचलायच्या आधी घरातली सगळ्यांत मोठी बाई पुढं होते. गेलेलीचं डावं मनगट हातात घेते, बांगड्या हळूच वर सारते आणि मोठ्यानं विचारते, “ही कुणाची?”

बाकीच्या सगळ्या जणी उत्तर देतात, “हिची हीच.”

मगच तिला उचलतात.